ओहायोतली शाकारणी

मागच्या रविवारी एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. कोलंबसच्याच मराठी मंडळींतले. त्यांना १९९७ सालची एक मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, स्वस्तात मिळत होती.

"ताई, छपरावर सोलर किती वॅटचं बसवू? दोनशे पुरेल का चारशे लागेल?"

"छपरावर चढलात का?"

"नाही हो. पण गाडी झकास आहे. आतून तर नव्यासारखी."

"वास कसला येतो?"

ते जरा थांबले. "छान येतो. लव्हेंडरचा."

म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या गाडीत व्हॅनिलाचा येत होता. ऑक्टोबर २०१९. मॅन्सफील्डच्या पलीकडे मक्याच्या शेताच्या कडेला ती उभी होती. १९९४ची, २७ फुटी, फोर्डच्या ई-३५० चासीवर बांधलेली, साडेसात लिटरचं व्ही-८ इंजिन. इथे ज्याला सी क्लास म्हणतात त्या प्रकारची. म्हणजे पुढून व्हॅनचं तोंड, मागे घर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला माळा, ज्यात दोघांना झोपता येतं. पांढऱ्या पन्हळी पत्र्यावर तपकिरी पट्टे. ६१,००० मैल चाललेली. किंमत ८,२०० डॉलर. नवऱ्याने इंजिन ऐकलं, मी शेगड्या पेटवून बघितल्या, आणि लेकीने माळ्यावर चढून पडदा ओढून घेतला आणि "हे माझं" असं आतूनच जाहीर केलं. कपाटात, सिंकखाली, माळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत सुगंधी वड्या ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, काय टापटिपीची माणसं आहेत!

छपरावर आमच्यापैकी कुणीही चढलं नाही.

गाडीचं नाव 'डबडं' हे लेकीनंच ठेवलं. आधी लाडानं, नंतर वस्तुस्थिती म्हणून.

एप्रिल २०२० मध्ये सगळे घरात अडकलेले असताना इथे तीन दिवस सलग पाऊस लागला. चौथ्या दिवशी लेक डबड्यात अभ्यासाला म्हणून गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "आई, माझी गादी ओली आहे." उजव्या कोपऱ्यात गादीखालचं प्लायवूड काळं पडलं होतं. भिंतीवरच्या फुलाफुलांच्या पातळ फळीला फुगा आला होता. मी बोटानं दाबून बघितलं, तर बोट आत गेलं. अक्षरशः दुसऱ्या पेरापर्यंत.

त्या रात्री पिंपळे गुरवला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा ३१ वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये, बॉडी शॉपला. आमच्या लहानपणी शाळेच्या सहलीची एसटी आली की इतर मुलं खिडकी पकडायला धावायची आणि बाबा बरोबर असले तर गाडीभोवती एक चक्कर मारून, रिव्हेटच्या रांगेवरून बोट फिरवून, "ही आपली" किंवा "ही आपली नाही" असं सांगायचे. आता वय ८१. लॉकडाऊनमुळे खाली कट्ट्यावरही जाता येत नव्हतं. त्यांना फोनवर कुजलेला कोपरा दाखवला आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच खूश झाले.

"सांगाडा कशाचा आहे?"

"लाकडाचा."

"लाकडाचा? चौऱ्याण्णव साली? आणि अमेरिकेत?"

त्यांचा विश्वास बसेना. मग मी फळी अजून थोडी उचकटून आतलं दाखवलं. दोन बाय दोनच्या रिपांची चौकट, मध्ये ऊब धरायला काचतंतूंची गुलाबी लोकर, आतून तीन मिलिमीटरची फळी, बाहेरून पत्रा, आणि हे सगळं हजारो स्टेपलच्या पिनांनी एकमेकांना जोडलेलं. एसटीचा सांगाडा मोडायला डंपर लागतो, हा मोडायला पाऊस पुरतो. बाबांनी विचारलं, दोन बाय दोन म्हणजे मापात नेमकं किती? मी टेप लावून सांगितलं, दीड इंच. "मग दीड बाय दीड का नाही म्हणत?" याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. इथल्या लाकूडवखारीत सगळीच मापं अशी नावापुरती असतात.

"स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचत टोचत जा," ते म्हणाले, "आणि जिथं टोक आत जायचं थांबेल तिथं खूण कर. कुजकं तिथं संपलं. त्याच्या पुढं एक फूट नवीन लाकूड जायला पाहिजे." मी खडूनं खुणा करत गेले. माळ्याचा पुढचा सगळा भाग, उजव्या भिंतीचा वरचा कोपरा, डावीकडचे तीन फूट. खडू संपला.

पण पाणी येत होतं कुठून? ओल उजवीकडे होती म्हणून मी उजवीकडच्या सांध्यावर सीलंट भरायला निघाले होते. बाबांनी थांबवलं. पाणी रिपेवरून चार-चार फूट चालत जातं आणि मग सोयीच्या जागी खाली उतरतं, त्यामुळे दिसतं तिथं भोक शोधू नकोस. मग कुठं शोधू? त्यांनी विचार केला आणि विचारलं, "पंक्चरवाला काय करतो?"

पंक्चरवाला ट्यूबमध्ये हवा भरतो आणि पाण्यात बुडवतो. आता २७ फुटी गाडी कुठल्या घमेल्यात बुडवणार? पण उलटं करता येतं, आणि इथले जुने आरव्हीवाले, म्हणजे मोटरहोमवाले, ते करतातही, हे मला नंतर कळलं. छपराच्या एका झरोक्याला पुठ्ठा लावला, त्याला भोक पाडून पालापाचोळा उडवायचा ब्लोअर बसवला, बाकीचे झरोके चिकटपट्टीनं बंद केले, हवा निसटू नये म्हणून सिंकच्या मोऱ्यांत पाणी ओतलं आणि ब्लोअर सुरू केला. डबडं आतून फुगलं. मग मी शिडीवर चढून भांड्याच्या साबणाचं पाणी फवारत गेले आणि नवरा खालून फोन धरून उभा. बाबा तिकडे पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन बसलेले.

बुडबुडे! माळ्याच्या कपाळावर पाच लहान नारिंगी दिवे असतात. ८० इंचांहून रुंद गाडीला ते इथे कायद्यानं लावावेच लागतात. त्यातल्या मधल्या आणि डावीकडच्या दिव्याखालून साबणाचा फेस असा फुरफुरत आला, जणू कुणी आत बसून फुंकतंय. कोपऱ्यावरच्या अल्युमिनियमच्या पट्टीतून बारीक माळ. खिडकीच्या वरच्या कडेतून. मागच्या शिडीच्या पायांतून. उजव्या कोपऱ्यात, जिथं गादी भिजली होती, तिथं एकही बुडबुडा नाही.

"बघ," बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारली, "अगं, इकडे ये, पोरगीनं गाडीचं पंक्चर काढलं."

उघडायला लागल्यावर आधीच्या लोकांचं एकेक कर्तृत्व बाहेर पडलं. कोपऱ्याच्या पट्टीखाली मूळची पुट्टी असते. ती वीस-पंचवीस वर्षांत वाळून खडूसारखी होते. ती काढून नवी ब्युटाइलची चिकट पट्टी घालायची, मग स्क्रू, एवढंच काम. पण ते करायला पट्टी काढावी लागते. त्याऐवजी कुणीतरी वरूनच सिलिकॉन फासलं होतं, आणि ते उललं तेव्हा त्यावर अजून एक थर. सिलिकॉनचा गुण असा की त्याच्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा. दोन शनिवार-रविवार मी नुसती प्लास्टिकची पट्टी घेऊन ते खरवडत होते. तुमच्या घरातल्या बाथरूमला लावा हवं तेवढं. गाडीला लावताना मला कुणी दिसलं, तर मी त्याच्या हातातून नळी काढून घेईन.

लाकूड आणायला गेले तर उन्हाळ्यात लाकडाचे भाव कडाडलेले आणि वखारी रिकाम्या. एके ठिकाणी हिरवट झाक असलेलं, न कुजणारं म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेलं लाकूड होतं. मी ते गाडीत भरणारच होते. सहज बाबांना विचारलं, तर ते म्हणाले हिरवं कशानं आहे ते वाच. तांब्यानं. त्या प्रक्रियेत तांब्याचे क्षार असतात, आणि तांबं, अल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की अल्युमिनियम खाल्लं जातं. माझा पत्रा अल्युमिनियमचा. म्हणजे लाकूड टिकलं असतं आणि पत्र्याची चाळणी झाली असती. साधं पाइन आणलं.

एकूण अकरा शनिवार-रविवार लागले. मधल्या काळात माळ्याचं कातडं सोललेलं, वर निळी ताडपत्री, आणि आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं एक अत्यंत सभ्य भाषेतलं पत्र. मग डबडं एका शेतकऱ्याच्या कोठारात भाड्यानं नेऊन उरलेलं काम तिथं केलं. नवीन रिपा, गोंद, स्टेनलेसचे स्क्रू, नवी लोकर, नवी फळी. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र घेतलं होतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. जुन्या भागात कुठे २८, कुठे ३५. आम्ही पंखे लावून ते १४ पर्यंत आल्याशिवाय एकही फळी बंद केली नाही. लेकीनं या बाबतीत फार कडकपणा दाखवला. गादी तिची होती.

आमच्या छपराला रबरी चादर आहे, ईपीडीएमची. ती धुवायची, पण पेट्रोलजन्य काही लावायचं नाही, फुगते. झरोके, पाइप, एसी जिथं जिथं चादरीला भोक आहे तिथं जुना सीलंट काढून, आपोआप पसरणारा नवा ओतायचा. हे एकदा करून संपत नाही. माझ्या आईचं माहेर राजापूरकडचं. तिथं पावसाच्या आधी घर शाकारायचं, म्हणजे कौलं काढायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा रचायची. कोणी त्याला दुरुस्ती म्हणत नाही. मे महिन्यात आंबे उतरवतात तसंच ते. मी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये गुडघ्याखाली फोमचा तुकडा घेऊन छपरावर जाते. आईला फोटो पाठवते, ती विचारते, "झाली का शाकारणी?"

बाकीची कामं तुलनेनं किरकोळ, तरी दोन-तीन सांगते.

टायर. नक्षी बघून फसू नका, आम्ही फसलो. टायरच्या बाजूवर डीओटी अशा इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर ३८०८ होतं, म्हणजे २००८ च्या सप्टेंबरातलं टायर. नक्षी नव्यासारखी, कारण गाडी उभीच होती. पण रबर उन्हानं तडकलेलं. मागे जोडचाकं, त्यामुळे सहा अधिक एक स्टेपनी, सातही बदलली. आतल्या चाकाची हवा बघायला हात पोचत नाही म्हणून मी टॉमी मारून आवाज ऐकते. एसटीचे ड्रायव्हर पहाटे डेपोत तेच करायचे. नंतर लांब नळीचे व्हॉल्व्ह बसवले, पण सवय गेली नाही. कॅम्पिंगच्या जागी शेजारचे लोक बघत राहतात.

वीज. हे मात्र नीट वाचा. या गाड्यांना बाहेरून वीज घ्यायला ३० अँपिअरचा तीन पायांचा प्लग असतो, तो १२० व्होल्टचा. घरात ३० अँपिअरचा प्लग म्हटलं की इलेक्ट्रिशियनच्या डोळ्यांपुढे कपडे वाळवायचं यंत्र येतं, आणि ते २४० व्होल्टचं असतं. आम्ही गॅरेजबाहेर जोडणी करून घेतली. आलेला माणूस अनुभवी, काम स्वच्छ, बिल वाजवी. मी सवयीनं मल्टिमीटर लावला, तर २४३! प्लग घातला असता तर मायक्रोवेव्हपासून चार्जरपर्यंत सगळं एका क्षणात गेलं असतं. त्याला परत बोलावलं, त्यानं डोक्याला हात लावला. आपल्याकडे भिंतीत २३०च असल्यामुळे आपल्या मनाला त्या आकड्याची धास्ती वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय.

पाण्याचे पाइप राखाडी पॉलिब्यूटिलीनचे होते. १९९५ च्या आसपासपर्यंत हे सर्रास वापरायचे. हिवाळ्यात एक सांधा गेला, तेव्हा सगळेच काढून पेक्स नावाच्या लवचीक प्लास्टिकचे घातले. हीटर पेटेना, तेव्हा नवा बोर्ड मागवण्याच्या बेतात होते. उघडून बघितलं तर नळीत मातीचं घर. कुंभारीण! आजी म्हणायची कुंभारणीचं घर मोडू नये. मनातल्या मनात आजीची माफी मागून मोडलं आणि बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावली. खर्च चार डॉलर.

फ्रिज मात्र मी बदलला नाही, यावरून नवऱ्याशी अजून वाद आहे. हा जुना फ्रिज गॅसवर चालतो. खाली ज्योत आणि वर बर्फ. त्यात पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचा आपापसातला खेळ. १९२२ साली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटन आणि मुंटर्स यांनी, हे शोधून काढलं. गाडी सपाट उभी पाहिजे एवढंच त्याचं मागणं, कारण आतला द्रव नुसत्या उतारानं वाहतो. तिरक्या गाडीत चालवला तर कायमचा बसतो. नवरा म्हणतो बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घेऊ. मी म्हणते चालतोय तोवर चालू दे, दही छान लागतं. (लागतं ते ओव्हनच्या पायलट ज्योतीशेजारी, पण वादात सगळं चालतं.)

आणि सोलर? आहे ना, आमच्याही छपरावर ४०० वॅट आहे. लिथियमच्या दोन बॅटऱ्या आहेत. पण ते बसलं २०२३ मध्ये, चौथ्या वर्षी. पॅनेलचे पाय छपराला स्क्रूनं बसतात, म्हणजे आपल्या हातानं छपराला सोळा नवी भोकं पाडायची. खालचं लाकूडच कुजलेलं असेल तर स्क्रू धरणार कशाला? लिथियमला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही, म्हणून नोव्हेंबरात मी त्या तळघरात आणून ठेवते. आणि इंजिनच्या अल्टरनेटरला थेट जोडल्या तर त्या एवढा करंट ओढतात की तो तापून बसतो, मध्ये वेगळा चार्जर लागतो. हे सगळं होण्यासारखं आहे. फक्त चौथ्या वर्षी.

बाबांना सगळ्यात धक्का बसला तो अ‍ॅव्हरेजनं. गॅलनला आठ मैल. त्यांनी कागदावर हिशोब केला. "लिटरला साडेतीनसुद्धा नाही? अगं, आमची एसटी पन्नास माणसं घेऊन साडेचार द्यायची."

पहिला लांबचा प्रवास ऑगस्ट २०२२ चा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन त्या वर्षी अटलांटिक सिटीला होतं, आणि आम्ही हौसेनं डबडं काढलं. पहिला मुक्काम पेनसिल्व्हेनियात, बेडफर्डजवळ. डोंगर चढताना इंजिन घोरत होतं, मागे गाड्यांची रांग. रात्री एकच्या सुमाराला धो धो पाऊस सुरू झाला. पत्र्यावरचा पाऊस. मी जागीच होते. दोन वाजता उठले, टॉर्च आणि ते दोन सुयांचं यंत्र घेऊन माळ्यावर गेले. लेक झोपलेली. तिच्या उशाशी सुया टोचल्या: ११. डावा कोपरा: १२. उजव्या कोपऱ्यात, जिथं माझं बोट दोन पेरं आत गेलं होतं, तिथं ११. यंत्राचा फोटो काढून बाबांना पाठवला. तिकडे सकाळचे साडेअकरा. लगेच फोन वाजला, मी बाथरूममध्ये जाऊन घेतला.

"कोरडं?"

"कोरडं, बाबा. ठणठणीत."

तेवढ्यात मानेवर थेंब पडला. वर बघितलं. बाथरूमच्या झरोक्याच्या चौकटीला दुसरा थेंब लोंबत होता.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"कुठून येतंय? फोन वर कर. दाखव."